पाठीमागचं स्टूल

दूध गॅसवर ठेवून मिस्त्री त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभे होते, परीक्षेच्या वर्गात फिरणाऱ्या मास्तरांसारखे. उभा जन्म लोखंड वितळवण्यात गेला, पण भांडंभर दूध काही त्यांना वश झालं नव्हतं. बघत उभं राहिलं की ते साळसूदपणे गप्प बसे, आणि साखरेच्या डब्यासाठी मान वळवली रे वळवली की फस्सकन शेगडीवर. मग शेगडी पुसा, बर्नरची भोकं सुईनं मोकळी करा आणि तळाला राहिलेल्या दुधात चहा भागवा. बायको गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून हा सामना रोज सकाळी व्हायचा आणि बहुतेक वेळा दूधच जिंकायचं.

"दुधाकडे आणि ठिणगीकडे पाठ करायची नाही," ती म्हणायची. "दोघंही तोंडावर गरीब."

भांडं उतरवायला त्यांनी हातात जे फडकं घेतलं होतं, ते त्यांच्याच जुन्या शर्टाचा खिसा होता. घरात असे बरेच खिसे होते. मिस्त्रींचा नवा शर्ट आला की ती पहिल्यांदा कात्री घेऊन त्याचा खिसा उसवायची, कारण वेल्डिंग करताना ठिणगी उडून खिशात पडली तर माणसाला कळेपर्यंत छाती भाजलेली असते. पँटच्या खालच्या दुमडी उसवून सरळ करायची, तेही त्याच कारणानं. शर्ट सुती, बाह्या मनगटापर्यंत, बटणं गळ्यापर्यंत. उन्हाळ्यातसुद्धा मिस्त्री शाळेच्या फोटोला बसल्यासारखे दिसायचे. उसवलेले खिसे वाया जात नसत. दोन-दोन एकावर एक शिवून त्यांची भांडी उतरवायची फडकी व्हायची. आता नवा शर्ट आणायचंच त्यांनी सोडून दिलं होतं. खिसा कोण उसवणार.

दूध कडेनं किंचित थरथरलं आणि त्याच वेळी दार वाजलं.

मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. एवढं पुरलं. मागे फस्सकन आवाज झाला आणि जळक्या दुधाचा वास दोन्ही खोल्यांत पसरला.

दारात गादीवाली उभी होती. पुढच्या वळणावर तिचं गाद्या-उशांचं दुकान, दुकानावरच घर. केसांत कापसाचे तंतू, खांद्यावर कापसाचे तंतू. ती कुठेही गेली तरी आपलं दुकान थोडं बरोबर नेते, असं लोक म्हणत.

"दूध गेलं वाटतं, दादा."

"जाऊ दे, वहिनी. त्याला सवय आहे. या. काय काढलंत सकाळी सकाळी?"

"मी काही काढलं नाही, जिन्याचा कठडा निखळलाय. आमच्या सासूबाई खाली उतरत होत्या, हाताखालचा खांबच बुडातून हलला. मी मागे होते म्हणून दंड धरला, नाहीतर आज मी इथे नसते, दवाखान्यात असते. आता त्या वर पलंगावर बसल्यात. कठडा लागल्याशिवाय पाऊल टाकणार नाही म्हणतात. आणि वर बसून दुकान चालवतायत. मिनिटामिनिटाला हाक. हे आहे का, ते दिलंस का."

"आणि तुमचे हे?"

"हे मालाच्या खरेदीला गेलेत. परवा येतील. घरात काही मोडायचं असलं की ते आधी यांना गावाला पाठवतं."

मिस्त्रींना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत त्यांनी विचारलं, "चौकातला तो दुसरा वेल्डर आहे ना?"

"आला होता. दुकानभर कापूस बघितला आणि म्हणाला, पाच मिनिटांचं काम. हातात पेटलेली बिडी होती हो. मीच हाकलला." तिनं दाराची चौकट धरली. "जिना तुम्हीच बसवलेला आहे, दादा. तुम्हीच या."

"बाहेरचं काम मी घेत नाही आता."

"माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. का घेत नाही, ते तेवढं कुणाला माहीत नाही."

ते तसं कुणी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तरी मिस्त्रींना सांगता आलं नसतं, कारण ते सांगायला बसलं की फार साधं वाटायचं.

वेल्डर तोंडावर काळी काच ओढतो तेव्हा त्याला जगात एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे दोन लोखंडांच्या मधला तो पेटलेला टिपका. बाकी सगळा अंधार. त्याच्या पाठीमागे पडदा पेटला, कोपऱ्यातलं पोतं धुमसायला लागलं, तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून त्याच्यामागे दुसरं कुणी लागतं. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी पगारी माणूस असतो. मिस्त्रींच्या मागे त्यांची बायको असायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका कामावर त्यांच्या पाठीमागे लाकडाचा भुसा पेटला होता. त्या दिवसापासून स्वयंपाक आटोपला की ती त्यांच्याबरोबर निघायची. एक बुटकं स्टूल, पाण्यानं भरलेली लोखंडी बादली, दोन ओली पोती आणि एक लोखंडी पळी. ती उजेडाकडे पाठ करून तिरकी बसायची आणि जमिनीवर नजर ठेवायची. इतकी वर्षं नवऱ्याच्या मागे बसूनही तिनं ठिणगी उडताना कधी पाहिली नाही, पडतानाच पाहिली. लोक तिला बादलीवाली म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. "मिस्त्रीण म्हणण्यापेक्षा बरं," म्हणायची, "निदान माझ्या कामाचं नाव आहे."

पळी कशाला, तर बोलण्यासाठी. मशीनच्या गुणगुणीत आणि काचेच्या आत माणसाचं बोलणं धड कळत नाही. मिस्त्री जोडासाठी वितळवायचा एक रॉड संपला की काच वर न करताच विचारायचे, "आहेस का?" आणि ती बादलीच्या कडेवर पळी वाजवायची, टण्. एकदा वाजलं म्हणजे आहे, सगळं ठीक आहे, चालू द्या. दोनदा वाजलं म्हणजे थांबा. एकतर काही पेटतंय किंवा मला उठायचंय. बादलीच्या त्या कडेला एक पोचा पडला होता, अंगठा ठेवायला जागा केल्यासारखा.

मग ती साध्या तापानं गेली. ठिणगीचा काही संबंध नव्हता. त्यानंतर मिस्त्रींनी बाहेरची कामं थांबवली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे फरशी आणि भिंतीखेरीज पेटण्यासारखं काही नाही, तिथे बसून ते खुर्च्यांचे पाय आणि सायकलचे कॅरियर जोडत. तेही कमी होत चाललं होतं. मुलगा दूरच्या शहरात होता. त्यानं कालच फोन करून सांगितलं होतं, "बाबा, रविवारी एक माणूस मशीन बघायला येईल. देऊन टाका. आणि इकडे या. हॉलमध्ये पलंगाची सोय करतो." मुलगा वाईट नव्हता. पण मशीन गेलं की शेड रिकामी होणार, शेड रिकामी झाली की घर कशाला हवं, असं ते एकातून एक निघत जाणार होतं. मिस्त्री म्हणाले होते, "बघू."

आता गादीवाली दारात उभी होती आणि तिची म्हातारी सासू वर अडकली होती.

"माझ्यामागे कुणीतरी बसायला लागतं," मिस्त्री म्हणाले. दोन वर्षं कुणाला न सांगितलेलं वाक्य एकदम बाहेर आलं. "काम चालू असेपर्यंत. आणि नंतरही थोडा वेळ. कापूस आहे तुमच्याकडे."

"एवढंच ना? मी बसते," गादीवाली म्हणाली, जणू त्यांनी वाटाणे सोलायला बोलावलं होतं.

सामान गोळा करताना मिस्त्रींनी मशीन घेतलं, बादली घेतली, पोती घेतली, स्टूल घेतलं. पळी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती. तिच्यापर्यंत हात गेला आणि परत आला. बादली कुणाचीही असू शकते, असं त्यांना वाटलं. पळीचं तसं नव्हतं. ती दुसऱ्या कुणाच्या हातात वाजली असती तर त्यांच्या हातातला रॉड थरथरला असता. पळी खिळ्यालाच राहिली. आजवर दुसऱ्यांची कामं बिघडलेली पाहून मिस्त्री म्हणत आले होते की चूक कामावर होत नाही, घरून निघताना होते. त्या दिवशी त्यांना ते आठवलं नाही.

गादीवालीचं दुकान म्हणजे पांढऱ्या डोंगरांमधली वाट होती. छतापर्यंत गाठोडी, भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या, शिलाई मशीनवर अर्धी शिवलेली उशी. मागच्या भिंतीला लागून लोखंडी जिना वर गेला होता. मिस्त्रींनी आधी काहीच काम केलं नाही, फक्त हलवाहलव केली. गाठोडी पुढच्या खोलीत. गाद्या बाहेर ओट्यावर. जिन्याखालची जमीन झाडून, पुन्हा झाडून, मग पुसून कोरडी.

"लग्नानंतर इतकं स्वच्छ दुकान पहिल्यांदा बघतेय," गादीवाली म्हणाली. "कठडा राहू दे, तुम्ही रोज याच."

वरून आवाज आला, "कोण आलंय गं?"

"मिस्त्री आलेत, आई."

"कोणते?"

"आपला जिना बसवलेले."

"मग त्याला सांग, नीट बसव. तुटला की."

"इतकी वर्षं टिकला, मावशी," मिस्त्री वर बघून म्हणाले. "आधी तुम्ही खाली या, मी हात धरतो. मग काम सुरू करतो."

"कठड्याशिवाय मी येणार नाही. हाताचा काय भरवसा, लोखंडाचा तरी असतो."

तिला उतरवल्याशिवाय खाली ठिणगी पाडू नये, हे मिस्त्रींना कळत होतं. पण म्हातारीशी वाद घालण्यात गादीवालीनं सकाळ घालवली होती आणि तिच्या चेहऱ्यावर आता दया दिसत होती, सासूबद्दल नव्हे, मिस्त्रींबद्दल. त्यांनी तेही सोडून दिलं.

कठड्याचे दोन खांब सुटले होते, खालचा पूर्ण आणि वरचा अर्धा. मिस्त्रींनी दोन्हीच्या बुडाचा रंग खरवडला, कारण रंगावर वेल्डिंग केलं की विषारी धूर होतो आणि जोडही पक्का बसत नाही. मागची खिडकी उघडली. आपल्या पायाखाली कोरडी लाकडी फळी टाकली. पाण्याची बादली आणि ओली पोती आपल्यापासून लांब, स्टुलाजवळ; विजेचं मशीन चालवणाऱ्याच्या पायाखाली पाण्याचा थेंब नको. जिन्याच्या शेवटच्या पायरीत आणि भिंतीत एक फट होती. त्या फटीत त्यांनी एक ओलं पोतं दाबून बसवलं.

"हे वाळू द्यायचं नाही. वाळतंय वाटलं की पाणी शिंपडायचं. ठिणगी जमिनीवर पडून घरंगळते, वाटाण्यासारखी. कुठून उडते ते माझं काम, कुठे पडते ते तुमचं. उजेडाकडे बघायचं नाही, भिंतीवर चमकेल तिकडेही नाही. नाहीतर नंतर डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होईल आणि मला शिव्या द्याल."

"त्या तशाही देईन. अजून काय?"

"काही दिसलं तर आधी मशीनचं ते बटण बंद, मग पाणी. उलटं नाही."

"आधी बटण, मग पाणी. अजून?"

अजून एक होतं. बादलीच्या कडेवरचा पोचा गादीवालीच्या गुडघ्याजवळच होता. मिस्त्रींनी तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "उठायचं नाही," ते म्हणाले, "बस."

त्यांनी हातमोजे चढवले, गळ्याचं बटण लावलं, "डोळे" अशी हाक दिली आणि काच खाली ओढली.

पेटलेला तो निळसर टिपका समोर आला आणि मिस्त्रींना एकदम घरी आल्यासारखं झालं. हात विसरला नव्हता. लोखंड पातळ होऊन बुडाभोवती गोल फिरत होतं, तळणीत पीठ सोडल्यासारखं. पहिला रॉड संपला.

"वहिनी, आहात ना?"

"आहे हो. कुठे जातेय."

दुसरा रॉड. अंधारात माणसाची लाज कमी होते. काचेच्या आत तर आपलं तोंड आपल्यालाही दिसत नाही. मिस्त्री बोलायला लागले. आधी जिन्याबद्दलच. की हा बसवला तेव्हा बायको इथेच बसली होती, साधारण याच जागी, आणि तुमच्या सासूबाईंनी तिला उशी दिली होती बसायला, तर तिनं ती लांब ठेवली, म्हणाली कापसावर बसून आगीची राखण कशी करू.

मागून "हं" असं ऐकू आलं.

मग ते थांबले नाहीत. रॉड बदलताना काच वर केली नाही, चाचपडतच नवा लावला. त्यांनी सांगितलं की शेडमध्ये काम करताना ते अजून बादली भरून मागे ठेवतात. काही पेटणार नाही हे माहीत असतं, तरी ठेवतात. संध्याकाळी ते पाणी झाडांना घालतात. परवा एकदा तोंडातून निघून गेलं, आहेस का. आणि मग किती वेळ हातोडी हातात घेऊन नुसते बसले. मुलगा म्हणतो मशीन विका. त्याला कसं सांगायचं की मशीन जड नाही, पाठ जड झालीय. पाठीला कुणी नसलं की पाठ सारखी जाणवते, वहिनी, दात दुखायला लागला की जाणवतो तशी. एरवी माणसाला पाठ आहे हे लक्षातही नसतं.

एवढं बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. मागे गादीवाली गप्प होती. इतकी बोलकी बाई, पण आपलं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घेतेय, हे त्यांना फार बरं वाटलं. दोन वर्षांत एवढं लांब ते कुणाशी बोलले नव्हते.

"सूनबाई," वरून म्हातारीचा आवाज आला, "दूध लागलं का गं खाली?"

मिस्त्रींचा हात थांबला. खाली दूध नव्हतंच. स्वयंपाकघर वर होतं.

त्यांनी काच वर केली. स्टूल रिकामं होतं.

पोतं फटीच्या तोंडाशी वाळून आखडलं होतं, आणि त्याच्या बाजूनं उदबत्तीएवढा बारीक धूर सरळ वर चढत होता. ज्वाला नाही, आवाज नाही. पायरीमागे वर्षानुवर्षं उडत जाऊन साचलेला कापूस होता. झाडू तिथवर पोचला नव्हता. त्यात कुठेतरी एक ठिणगी निवांत जाऊन बसली होती.

मिस्त्रींचा हात आधी बटणाकडे गेला. मग ते गुडघ्यांवर बसले, पोतं उपसलं आणि मोजे घातलेल्या हातानं फटीतला कापूस मुठीमुठीनं ओढून बादलीत बुडवू लागले. नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही. कापूस बाहेरून भिजतो आणि आतून जळत राहतो, रुसलेल्या माणसासारखा. तो पिंजून, उलगडून विझवावा लागतो. काळपट तपकिरी गोळे निघत राहिले. एकाच्या पोटात लाल डोळा होता. तो पाण्यात चुर्र झाला. हात लांबवून त्यांनी फटीच्या टोकापर्यंत चाचपलं, मोजा काढून उघडा तळहात भिंतीला, पायरीला, जमिनीला लावून पाहिला. मग उरलेलं पाणी आत ओतलं.

त्यानंतर ते जिना चढून वर गेले. म्हातारी पलंगाच्या कडेला बसली होती, पायांत चपला घालून.

"मावशी, उठा. हात द्या."

"कठडा?"

"खालचा लागलाय. वर मी आहे."

त्यांच्या चेहऱ्यात तिला काय दिसलं कोण जाणे, ती मुकाट्यानं उठली. मिस्त्री तिच्याकडे तोंड करून उलट्या पावली उतरले, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन. तिचे हात हलके होते, वाळलेल्या शेंगांसारखे. शेवटची पायरी आली तेव्हा पुढच्या खोलीतून गादीवाली पदराला हात पुसत आली.

"झालं का? एक गिऱ्हाईक आलं होतं, दादा. नवराबायको. त्याला कडक गादी हवी, तिला मऊ, माझ्यासमोरच भांडण. दोनच मिनिटं..." बादलीतला काळा लगदा तिला दिसला. मग ओली फट. मग वाळलेलं पोतं. ती भिंतीला टेकली.

ओट्यावर उभ्या केलेल्या गाद्यांवर ऊन पडलं होतं. दुकानात ओल्या जळक्या कापसाचा वास भरला होता, खरोखर लागलेल्या दुधासारखा.

"मला ओरडा तरी," गादीवाली म्हणाली. "वर आई होत्या. मी हाक मारून गेले होते हो. आलेच म्हटलं मी."

"मला ऐकू आलं नाही."

"तुम्ही काहीतरी बोलत होतात. मला वाटलं, आपापलं पुटपुटताय. कामात असतं एकेकाला."

मिस्त्रींनी मान हलवली. ते कुठल्या वाक्यापासून रिकाम्या स्टुलाशी बोलत होते, हे त्यांना विचारावंसं वाटलं. उशीपर्यंत ती होती. बादलीपर्यंत होती का? विचारून उपयोग नव्हता. त्यांनी सांगितलेलं पुन्हा सांगता येणार नव्हतं.

म्हातारीला त्यांनी ओट्यावर गाद्यांच्या सावलीत बसवलं. तिनं वाकून दारातून आत पाहिलं, आधी मिस्त्रींकडे, मग स्टुलाकडे, मग बादलीकडे.

"ती नाही का आली तुझी? टणटण करणारी?"

"नाही, मावशी. गेली ती. दोन वर्षं झाली."

"अरे." म्हातारीनं वरच्या मजल्याकडे पाहिलं. "मला कुणी सांगत नाही काही. वर ठेवतात." मग म्हणाली, "जिना बसवलास ना, तेव्हा मी दुपारी पडायची वर. सारखं टण्. थोडं थांबून पुन्हा टण्. मी हिच्या सासऱ्यांना म्हटलं होतं, ही बाई काय घंटा बडवतेय. पण झोप छान लागायची. कुणीतरी जागं आहे असं वाटायचं."

"टण् म्हणजे काय?" गादीवालीनं विचारलं.

बादली उचलून मिस्त्रींनी लगदा बाहेर रस्त्याच्या कडेला ओतला, काठीनं पसरला, त्यावर आणखी पाणी ओतलं. गादीवाली मागोमाग कळशी घेऊन आली. मिस्त्रींनी पुन्हा फटीत हात घालून पाहिलं. गार होतं. मग ते जमिनीवर, जिन्यासमोर बसून राहिले. कापसाच्या बाबतीत एकदा गार लागलं म्हणजे झालं असं नसतं, बसावं लागतं. गादीवालीनं चहा आणून ठेवला. तो तसाच राहिला आणि त्याच्यावर साय धरली. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, तिनं दारातूनच परत पाठवलं. मिस्त्री बसून होते, आणि पहिल्यांदाच ते बायकोच्या जागेवरून बघत होते: जमीन, फरशीच्या सांधी, भिंतीची कड. उजेड नाही, टिपका नाही, बघण्यासारखं काहीच नाही. इतकी वर्षं ती हे बघत बसली होती. कंटाळा येतो का, असं त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

दोष गादीवालीचा होता असं गल्लीत कुणीही म्हटलं असतं. पण मिस्त्रींना खिळ्याला टांगलेली पळी दिसत होती. ती बाई स्टुलावर बसायला तयार झाली होती, आणि त्यांनी तिला स्टूल दिलं, बादली दिली, ओली पोती दिली, फक्त बोलायची सोय दिली नव्हती. ती राखून ठेवली होती. कुणासाठी, तर जी वाजवायला येणार नव्हती तिच्यासाठी.

वरचा खांब अजून अर्धा सुटलेला होता.

"राहू दे आता," गादीवाली म्हणाली. "हे आले की बघू. आई झोपतील खाली."

मिस्त्री उठले, फटीतलं पोतं पिळून पुन्हा भिजवलं, दाबून बसवलं. एक जास्तीचं वरच्या खांबाच्या बुडाखाली अंथरलं. बादली नळाखाली धरून काठोकाठ भरली आणि स्टुलाजवळ आणून ठेवली, पोचा पडलेली कड स्टुलाकडे करून. मग शिलाई मशीनच्या खणावर पडलेली लोखंडी कात्री उचलून त्यांनी गादीवालीच्या हातात दिली.

"हिचं काय करू?"

मिस्त्री फळी उचलून जिन्याच्या वरच्या टोकाशी गेले. काच कपाळावर होती. मागे वळून त्यांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, आणि ती त्यावर येऊन बसेपर्यंत तसेच थांबले.

"मी मधूनमधून विचारेन, आहे का," ते म्हणाले. "तेव्हा बादलीवर एकदा वाजवा."